खालच्या आजोबांचं ऊन

आमच्या घरात एखादी वस्तू बिघडली की माझा मुलगा ती उचलून गॅलरीत नेऊन ठेवतो. टीव्हीचा रिमोट, बंद पडलेलं घड्याळ, वास मारणारे बूट, सगळ्यांवर एकच औषध. परवा गणितात जेमतेम पास झाला, तर तो पेपरही कठड्याशी पसरून वर दगड ठेवून आला. विचारलं तर म्हणाला, "ऊन दाखवतोय." त्याचे बाबा हसले. मीही हसणार होते, पण मला खालचे आजोबा आठवले आणि मी उगाचच स्वयंपाकघरात निघून गेले.

खालचे आजोबा म्हणजे वसईजवळच्या उमेळ्यातले आमचे घरमालक. ते खाली राहायचे, आम्ही वर, म्हणून ते खालचे. त्यांच्या दारावर पाटी होती, पाटीवर चांगलं भारदस्त नाव होतं, पण मुलांनी पहिल्याच आठवड्यात ते रद्द करून टाकलं. पुढे पुढे पोस्टमनसुद्धा "खालचे आजोबा आहेत का?" असं विचारायला लागला. ते मुंबईच्या एका बँकेतून निवृत्त झाले होते. घराण्याची पिढीजात वाडी होती. केळी, नारळ, विहीर, कुंपणाला सोनचाफा. पण आजोबांनी जन्मभर त्या वाडीत पाऊल टाकलं ते फक्त रविवारी, आणि तेही न्हावी आंब्याखाली बसायचा म्हणून. वाडी, घर, दोन मुली, गाय होती तोवर गाय, सगळं बायकोने पाहिलं. ती गेली तेव्हा घरात साखरेचा डबा कुठला हे त्यांना माहीत नव्हतं. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना ते हसले नाहीत.

आम्ही तिथे राहायला गेलो ते तात्पुरते. त्यांच्या घराच्या दक्षिणेला लागून एक इमारत उभी राहणार होती आणि तिच्यात आम्ही फ्लॅट घेतला होता. ताबा मिळेपर्यंत जवळच राहावं, म्हणजे बांधकामावर लक्ष राहील, हा माझ्या नवऱ्याचा विचार. लक्ष म्हणजे काय, तर रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीत उभं राहायचं आणि "सळया चांगल्या वापरतायत" असं म्हणायचं. बाकीचे दिवस तो अंधेरीला आणि मी दोन मुलांच्या तावडीत. मुलगी पाच वर्षांची, मुलगा अडीच. मी नोकरी सोडून घरी बसले होते. 'घरी बसले' असं म्हणायची पद्धत कुणी पाडली कोण जाणे, मला त्या सगळ्या काळात बसल्याचं आठवत नाही.

पहिल्याच दिवशी मुलाने पलंगावरून उडी मारली आणि खालून ठक ठक आवाज आला. आजोबा पपया काढायच्या काठीने छताला ठोकत होते. झालं, आल्या आल्या तक्रार, असं म्हणत मी मुलाला दम देऊन तोंडावर बोट ठेवून बसवलं. पुन्हा ठक ठक. मग मी तरातरा खाली गेले. माझा स्वभावच तसा आहे. चूक आमची असली तरी आवाज माझाच चढतो.

"काका, लहान मुलं आहेत. उड्या मारणारच."

"मारू दे की," ते म्हणाले. "उडी ऐकली. पण मग रडनं नाय, हसनं नाय. म्हटलं, पोरगं पडलं की काय. म्हणून विचारलं."

"काठीने विचारलं?"

"गुडघे दुखतात, मुली. दर वेळेला जिना कोण चढणार?"

तेव्हापासून ती काठी आमचा टेलिफोन झाली. मुलगा भोकाड पसरून बसला की ठक ठक, म्हणजे त्याला खाली पाठव. पावसाचं चिन्ह दिसलं की ठक ठक, म्हणजे कपडे काढ. वरून मुलगी पाय आपटून उत्तर द्यायची आणि त्या दोघांचं काय बोलणं व्हायचं ते त्यांनाच ठाऊक. मी भाजी फोडणीला टाकलेली असायची आणि पोरगी जमिनीवर धाडधाड नाचत म्हणायची, "आई थांब, मी आजोबांशी बोलतेय."

आजोबांना एकच वेड होतं, उन्हाचं. गाद्या, उशा, डाळी, मसाले यांना लोक ऊन दाखवतातच. पण आजोबा छत्र्यांना ऊन दाखवायचे. चपलांना, पत्त्यांच्या कॅटला, देवघरातल्या पोथीला, मिठाच्या बरणीला. अंगणात ऊन आलं की ते खुर्ची घेऊन त्याच्या मागे निघायचे. ऊन विहिरीशी असलं की आजोबा विहिरीशी, ऊन तुळशीपाशी आलं की आजोबा तुळशीपाशी. त्यांच्यासोबत सुपं, ताटं, चादरी असा सगळा संसार सरकत सरकत जायचा. रविवारी ते भिंतीवरचा बायकोचा फोटो काढायचे, पुसायचे आणि तुळशीवृंदावनाला टेकून उन्हात ठेवायचे.

"तिला दमट चालायचं नाय," म्हणायचे.

एकदा कुरिअरवाल्या मुलाने पार्सल आणलं. उन्हातला हार नसलेला फोटो आणि शेजारी गप्प बसलेला म्हातारा बघून तो बिचारा चप्पल काढून हात जोडून उभा राहिला. आजोबांनी पार्सल घेतलं आणि त्याला विचारलं, "तुझी बॅग ओली दिसते रे. ठेव जरा इथं."

मुलं अशा माणसाच्या हाती सापडल्यावर दुसरं काय होणार. माझा मुलगा तेव्हा रोज अंथरूण ओलं करायचा. मी शरमेने गादी मागच्या बाजूला नेत होते, तर आजोबांनी ती ओढून अंगणाच्या मधोमध टाकली, शेजारी खुर्ची मांडली आणि मुलाला तिच्यावर बसवलं. म्हणाले, "गादीला ऊन, गादीच्या मालकाला पन ऊन." तो मालक बनियन-चड्डीत असा ऐटीत बसला की जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत सुटला, "ही मी ओली केली." मुलीची तऱ्हा वेगळी. मी एकदा म्हटलं, या फोनने डोकं उठवलंय. तिने तो फोन नेऊन सुपात तूरडाळीवर मांडला. सापडला तेव्हा तव्यावरच्या भाकरीसारखा तापला होता. नको असलेली पोळी ती डाळीखाली दडपून ठेवायची आणि आजोबा ती चांगली कडक झाल्यावर बाहेर काढून, "तुझी पोळी झाली गो," म्हणत तिच्याच हातावर ठेवायचे.

आमच्या भांडणांवरही तेच औषध. एका रविवारी इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग कुणी आवरायचा यावरून माझं आणि नवऱ्याचं जुंपलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. मुलगा त्या ढिगावर चढून घसरगुंडी खेळत होता. खालून ठक ठक झाली आणि हाक आली, "साहेबांना खाली पाठव, मुली. जरा ऊन दाखवतो." साहेब तणतणत गेले. तासाभराने परत आले ते हातात घडी घातलेल्या कपड्यांचा गठ्ठा घेऊन. घड्या भयंकर होत्या. आजोबांनीच शिकवल्या होत्या आणि आजोबांना त्या कुणी शिकवल्याच नव्हत्या.

कपडे वाळत घालायचीसुद्धा त्यांची रीत होती. दोरीवर आधी नवऱ्याचा शर्ट, मग मुलांचे कपडे, मग माझी साडी किंवा कुर्ता. मुलं मध्ये. मी घाईत कुठलंही काहीही टांगायचे, ते येऊन नीट लावायचे. एकदा मी चिडलेच. "काका, वाळण्याशी मतलब. कुठे का टांगेना."

"पोरीचा फ्रॉक एकटाच टोकाला होता," ते म्हणाले. "बरं दिसत नाय."

मग एक चिमटा पुन्हा काढून पुन्हा लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी सकाळी अंधारात निघायचो, दिवे लागल्यावर परत यायचो. माझ्या घरात ऊन कुठनं येतं नि कुठं जातं, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. ती म्हणायची, एक दिवस रजा काढा नि नुसते बसा. मी म्हणायचो, बसून काय करू?"

एकदा आम्ही मुलांना अर्नाळ्याला घेऊन गेलो. किनाऱ्यावर ओळीने बोंबील वाळत टांगलेले. मुलगी वासाने नाक दाबून उभी राहिली आणि म्हणाली, "इथले आजोबा मासे वाळवतात." घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा खालचे आजोबा खूश झाले. म्हणाले, "मग? ऊन म्हणजे काय आमच्याच घरचं हाय?"

पण आजोबांचा जीव अडकला होता तो सुकेळ्यांत. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, बांबूच्या चटईवर पसरून आठवडाभर उन्हात वाळवायची, की मधाच्या रंगाची, चिवट, गोड अशी सुकेळी होतात. मग ती केळीच्या खोडाच्या सुक्या सोपटात बांधून ठेवायची. वसईत पूर्वी घरोघर करत. आजी, म्हणजे त्यांची बायको, दर थंडीत करायची आणि तिच्यासारखी पंचक्रोशीत कुणाची होत नसत, असं ते सांगायचे. ती गेल्यावर त्यांनी ठरवलं होतं की एकदा तरी तिच्यासारखी सुकेळी आपल्या हाताने करायची. नुसती करायची नाहीत, तिच्यासारखी करायची. हे ते असं काही बोलायचे की जणू कुणीतरी वर बसून त्यांचा पेपर तपासणार होतं.

आमच्या पहिल्या थंडीत त्यांनी केळी पसरली. ऊन भरपूर होतं, पण आत कधी न्यायची हे त्यांना माहीत नव्हतं. दव पडून केळी काळी झाली. दुसऱ्या थंडीत त्यांनी दव टाळलं, तर ती इतकी वाळली की दाताला दाद देईनात. सोपटात बांधलेलं पुडकं घेऊन ते वर आले आणि मुलांसमोर उघडून बसले. स्वतः तोंडात घातलं नाही. आम्हाला वाटलं दातांमुळे असेल.

"कशी झाली?"

मुलीने बराच वेळ चावलं. "चपलेसारखी," ती म्हणाली.

मी डोळे वटारले, पण आजोबा म्हणाले, "बरोबर. तुझ्या आजीची अशी नव्हती."

या सगळ्या काळात शेजारची इमारत चढत होती. एकेक स्लॅब पडला की मुलं अंगणात नाचायची, "आपलं घर वाढलं! आपलं घर वाढलं!" आजोबाही मान वर करून बघायचे आणि म्हणायचे, "वाढलं हां." आणि खुर्ची उचलून थोडी पलीकडे सरकवायचे. त्यांची खुर्ची कशामुळे सरकते आहे हे माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला. थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो आणि आमचं घर दक्षिणेलाच वाढत होतं.

तिसऱ्या थंडीत ते एक दिवस काठी न वापरता जिना चढून वर आले. धाप लागलेली, चेहरा उजळलेला. वाघोलीच्या आपल्या बहिणीशी फोनवर बोलताना त्यांना आजीची खूण सापडली होती.

"तुळशीची सावली पायरीला टेकली की केळी आत!" ते म्हणाले. "आत म्हणजे टोपलीत, सुक्या पानांत झाकून. त्यानंतरचं ऊन खोटं, असं म्हणायची. बहिणीला माहीत, शेजारणीला माहीत, गड्याला पन माहीत. मला माहीत नाय!"

मुलं त्यांच्यामागे धावत अंगणात गेली. मीही गेले. अकरा वाजायचे होते. अंगणात तुळस होती, पायरी होती, केळी पसरलेली चटई होती. सावली मात्र तुळशीची नव्हती. आमच्या इमारतीची सावली विहिरीपासून पायरीपर्यंत पसरली होती आणि तुळस तिच्यात बुडून गेली होती. मुलगी तुळशीभोवती फिरून तिची वेगळी सावली शोधत राहिली.

आजोबा पायरीवर बसले. "दात होते तेव्हा चणे नव्हते," म्हणाले.

मी म्हटलं, "काका, इमारतीची ती जागा तुमच्या भावाची होती ना? तुम्ही तरी काय करणार?"

"सही माझी होती," ते म्हणाले. "भावाचा हिस्सा, पन कागद दोघांच्या नावावर. रविवार होता. तो कागद घेऊन आला, मी चहा पिता पिता सही केली. ती आतनं म्हणाली, अहो, दक्षिणेची बाजू हाय, थंडीतलं ऊन तिकडनं येतं. मी काय म्हणालो माहीत हाय? म्हणालो, ऊन काय, सगळीकडेच असतं."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस छत्र्या-चपला घेऊन उन्हामागे का फिरतो. मला फार वाईट वाटलं. आणि त्याच क्षणी मनात हेही आलं, की आपल्या हॉलला दिवसभर ऊन येणार. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहिते.

उन्हाळ्यात ताबा मिळाला. मुलांनी आपापली खेळणी छातीशी धरून रस्ता ओलांडल्यासारखं करत कुंपणाला वळसा घातला आणि झालं, आमचं स्थलांतर संपलं. फाटकापासून फाटकापर्यंत चालत दोन मिनिटं. "रोज येऊ," मुलांनी सांगितलं. "रोज या," आजोबा म्हणाले. नव्या घरात पहिल्याच संध्याकाळी मुलाने पलंगावरून उडी मारली आणि फरशीला कान लावून बसला. ठक ठक झाली नाही. त्याने पुन्हा उडी मारली, मग पुन्हा. शेवटी दाराची बेल वाजली आणि खालच्या मजल्यावरच्या बाई आल्या. त्यांनी मात्र खरोखरच तक्रार केली.

रोज जाणं एक दिवसाआड झालं, मग शनिवारवर आलं, मग शाळा, स्केटिंग, सर्दी, पाहुणे. कुणी ठरवून काही केलं नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचं अंगण दिसतं आणि हॉलच्या गॅलरीत ऊन येतं. म्हणजे त्यांचं अंगण घराच्या एका टोकाला आणि त्यांचं ऊन दुसऱ्या टोकाला, आणि मधे आमचा सोफा. पोळ्या लाटताना मला ते दिसायचे. थंडी सुरू झाली तशी त्यांची खुर्ची अंगणातून फाटकाबाहेर गेली. तिथे दोन इमारतींच्या फटीतून रस्त्यावर उन्हाची पट्टी पडते. त्या पट्टीत ते बसायचे, मांडीवर बायकोचा फोटो घेऊन, आणि रिक्षा आली की पाय आत ओढायचे. मला ते बघवायचं नाही. मी खिडकीचा पडदा ओढून घ्यायचे आणि मग स्वतःवरच चिडून भांडी आपटायचे.

मार्गशीर्षात एक दिवस इंटरकॉम वाजला. वॉचमन म्हणाला, "मॅडम, एक अंकल आये हैं, केले लेके. बेचनेवाले हैं क्या?"

मी म्हटलं, "अरे, सोड त्यांना वर."

आजोबा दारात उभे. डोक्यावर गुंडाळलेली चटई, हातात सोललेल्या केळ्यांची टोपली, वर स्वच्छ ओलं फडकं. चपला बाहेर काढून ते जरा वेळ उंबऱ्यातच उभे राहिले आणि आमच्या हॉलमध्ये पसरलेल्या उन्हाकडे बघत राहिले.

"आमचं ऊन तुमच्याकडे आलंय, मुली," ते म्हणाले. "आठ दिवस केळी ठेवून घेशील?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी काहीतरी उलट बोलले असते. मी नुसतं "या ना" म्हणाले आणि गॅलरीतले कपडे ओढून काढले.

ते आठ दिवस आमच्या घरात नुसता धुमाकूळ होता. आजोबा सकाळी यायचे, लिफ्टवर त्यांचा विश्वास नव्हता म्हणून थांबत थांबत जिन्याने. गॅलरीत चटई, चटईवर केळी, शेजारी ते. माझे मोजे, रुमाल, पोरांचे युनिफॉर्म बाथरूमच्या दांडीवर लोंबकळत होते आणि वाळत नव्हते. घरभर पिकल्या केळ्यांचा वास, मुंग्यांची रांग थेट देवघरापर्यंत. मुलगा शाळेतून आला की कबुतरं हाकलायला झाडू घेऊन उभा राहायचा आणि इतक्या जोरात ओरडायचा की खालच्या बाई पुन्हा आल्या. या वेळी आजोबांनी त्यांना बसवलं आणि विचारलं, "तुमच्या गाद्यांना ऊन दाखवता का?" त्या परत तक्रार करायला आल्या नाहीत.

अडचण एकच होती. आमच्या गॅलरीत ना पायरी, ना वृंदावन. केळी आत कधी घ्यायची? मुलगी तेव्हा आठ वर्षांची. तिने स्वयंपाकघरातून तुळशीची कुंडी उचलून आणली, कठड्याशी ठेवली आणि म्हणाली, "हिची सावली उंबऱ्याला टेकली की आत." आजोबांनी कुंडी दोन-तीनदा सरकवून पाहिली आणि मान डोलावली. मग रोज दुपारी ते तिघं उंबऱ्याशी बसायचे, सावली सरकताना बघत. मीही एकदा त्यांच्यात बसले. गॅसवर डाळ होती, ती उतू गेली. पण या घरात नुसतं बसल्याची माझी तेवढी एकच आठवण आहे.

शेवटच्या दिवशी आजोबांनी सुकेळी सोपटात बांधली आणि एक पुडकं मुलांसमोर उघडलं. मधाचा रंग होता. मुलीने तुकडा तोंडात टाकला, आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"चपलेसारखी नाहीत," ती म्हणाली आणि दुसरा तुकडा उचलला. मुलाने तर बोलायलाही वेळ घालवला नाही. मी खाल्लं. खरंच छान होतं. वरून किंचित चिवट, आत मऊ, आणि गोडी अशी की मी पुन्हा हात पुढे केला.

"झाली की काका," मी म्हटलं. "आजींसारखी झाली ना?"

त्यांनी एक सुकेळं उचललं. तीन वर्षांत त्यांना सुकेळं खाताना मी पहिल्यांदाच पाहत होते. ते सावकाश चावत राहिले. मुलं वाट बघत होती.

"माहीत नाय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तिची मी कधी खाल्लीच नाय, मुली. मला गोड आवडत नसे. ती डब्यात द्यायची, मी ऑफिसात वाटून टाकायचो. लोक म्हणायचे, वहिनींसारखी कुनाची होत नाय. तेच मी घरी येऊन तिला सांगायचो." त्यांनी उरलेला अर्धा तुकडा हातात फिरवला. "ती विचारायची, तुम्हाला कशी वाटली? मी म्हणायचो, छान. कशी होती कुनास ठाऊक."

मुलीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. ती म्हणाली, "ही खूप छान आहेत, आजोबा." ते म्हणाले, "हो गो. ही छान हायत." आणि ते रडले. मोठ्याने नाही, पण लपवलंही नाही. मी उठून पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं. ऊन उंबऱ्यावरून गेलं होतं आणि आत घ्यायला केळी उरली नव्हती.

जाताना त्यांनी दोन पुडकी साहेबांसाठी ठेवली. साहेब रात्रीच्या जेवणाला आले, मोबाईल बघत बघत त्यातली तीन सुकेळी खाऊन मोकळे झाले.

"कशी होती?" मी विचारलं.

"काय कशी होती?" तो म्हणाला.

मी त्याला काही सांगितलं नाही. सांगायला घेतलं असतं तर माझा आवाज चढला असता. दुसरं पुडकं उचलून मी एका डब्याच्या तळाशी टाकलं.

पुढच्या पावसाळ्यात आजोबा गेले. नाशिकच्या मुलीने त्यांना नेलं होतं, तिथेच गेले. आम्हाला फोन आला तेव्हा बाहेर धो धो पाऊस होता आणि मुलगा सारखा विचारत होता, "तिथे ऊन आहे का?" खालच्या घराला कुलूप लागलं. तुळस वाळली. स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा मी आता ओढत नाही, पण बघण्यासारखं काही उरलेलं नाही. शनिवारी दोन मिनिटं चालून जायला काय झालं होतं, हे मी स्वतःला अजून विचारते आणि मला सर्दी, स्केटिंग, पाहुणे यांच्यापलीकडे उत्तर सापडत नाही.

पाऊस उघडला. आश्विनात एका रविवारी मी डबे आवरत होते, तर तळाशी ते सोपटाचं पुडकं मिळालं. उघडून पाहिलं, सुकेळी चांगली राहिली होती. मी तोवर नवऱ्याला सगळं सांगितलं होतं. त्याने मोबाईल टेबलावर पालथा ठेवला, पुडकं घेतलं आणि गॅलरीत उन्हात खुर्ची टाकून बसला. मुलं दोन्ही बाजूंना येऊन उभी राहिली. त्याने एक सुकेळं उचललं आणि सावकाश खाऊ लागला.

"कशी आहेत?" मुलीने विचारलं.

"छान आहेत," तो म्हणाला. मग चावायचा थांबला. "पण मागच्या वेळी तीन खाल्ली होती ना मी, ती कशी होती, तेच आठवत नाही."

मुलाने त्याच्या हातातला अर्धा तुकडा घेतला, तुळशीच्या कुंडीशेजारी नेऊन उन्हात ठेवला आणि सावली उंबऱ्याला टेकायची वाट बघत तिथेच बसून राहिला.